दोन पहिली षटके : श्रीरामपूरच्या झहीर खानची कारकीर्द

१.
२३ मार्च २००३. जोहान्सबर्गचे वाँडरर्स मैदान. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले आणि नवा चेंडू एका २४ वर्षांच्या डावखुऱ्या गोलंदाजाच्या हाती दिला. त्या पहिल्या षटकात नो-बॉल पडले, वाइड पडले आणि ऑस्ट्रेलियाच्या खात्यावर १५ धावा जमा झाल्या. पुढे ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ अशी धावसंख्या उभारली आणि भारत १२५ धावांनी हरला. त्या गोलंदाजाचे पृथक्करण होते ७ षटके, ६७ धावा, एकही बळी नाही.

२.
२ एप्रिल २०११. मुंबईचे वानखेडे स्टेडियम. पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा पहिले षटक, पुन्हा तोच गोलंदाज. या वेळी पहिले षटक निर्धाव गेले. त्याचे दुसरे षटकही निर्धाव गेले आणि तिसरेही. चौथ्या षटकात उपुल थरंगाच्या बॅटची कड घेऊन चेंडू स्लिपमध्ये सेहवागच्या हातात विसावला. पहिल्या ५ षटकांत केवळ ६ धावा आणि १ बळी.

या दोन षटकांमधील ८ वर्षे म्हणजे झहीर खानच्या कारकिर्दीचा गाभा. आजचा धागा त्या ८ वर्षांविषयी आणि त्यांच्या आगेमागे पसरलेल्या काळाविषयी आहे.

३.
आरंभ अर्थातच गावापासून. झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे झाला. दौंड-मनमाड लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला मात्र श्रीरामपूर नावाचे स्थानक सापडत नाही. त्या स्थानकाची पाटी आजही ‘बेलापूर’ अशीच आहे. मूळ बेलापूर हे काही अंतरावर, प्रवरेच्या काठी वसलेले जुने गाव. रेल्वे आली, स्थानकाभोवती पेठ वाढली आणि ‘बेलापूर रोड’ नावाने ओळखली जाणारी ती वस्ती पुढे श्रीरामपूर झाली. शहराला स्वतःचे नाव मिळाले, पण स्थानक जुनेच नाव सांगत राहिले.

४.
या भूभागाचा कायापालट दोन गोष्टींनी केला. पहिली म्हणजे अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी अवर्षणाला सरावलेल्या जमिनीत ऊस आणला. दुसरी गोष्ट म्हणजे साखर. आधी हरेगावचा खाजगी कारखाना आणि मग १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ, प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना.

ऊस, बाजार समिती, शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय अशा क्रमाने घडलेल्या या पट्ट्यात शिकणाऱ्या मुलासाठी प्रतिष्ठेचा मार्ग ठरलेला होता. चांगले गुण मिळवावेत आणि इंजिनियर व्हावे. झहीरची वाटही जवळजवळ तशीच आखली गेली होती.

५.
वेगवान गोलंदाज होण्याची वाट त्या नकाशात नव्हती. तालुक्याच्या गावी क्रिकेट भरपूर असते, परंतु ते प्रामुख्याने टेनिस चेंडूचे. शिवण असलेला कातडी चेंडू, हिरवळ असलेली खेळपट्टी, चुका दाखवणारा प्रशिक्षक या साऱ्या गोष्टी मोठ्या शहरांत असत. १९९६ च्या सुमारास, वयाच्या सतराव्या वर्षी, अभियांत्रिकीचे शिक्षण बाजूस ठेवून झहीर मुंबईला आला. घरून या निर्णयाला पाठिंबा होता. आई शिक्षिका, वडील छायाचित्रकार. नियमित उत्पन्नाचे मोल जाणणाऱ्या अशा घराने मुलाला निश्चित सोडून अनिश्चिताकडे जाऊ दिले, याची नोंद कोणत्याही धावफलकात सापडत नाही.

६.
मुंबईत त्याची गाठ पडली सुधीर नाईक यांच्याशी. नाईक हे भारतासाठी १९७४-७५ च्या काळात ३ कसोटी सामने खेळलेले सलामीवीर. त्यांची मोठी कामगिरी मात्र रणजी करंडकातील. १९७०-७१ च्या हंगामात मुंबईचे नामांकित फलंदाज भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजमध्ये असताना, नाईक यांनी उरलेल्या संघाचे नेतृत्व करून करंडक मुंबईकडेच राखला. त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये श्रीरामपूरच्या या मुलाने कातडी चेंडूचे पहिले पद्धतशीर धडे घेतले.

नाईक यांचे नाव ध्यानात असू द्यावे. १५ वर्षांनी याच कथेत ते पुन्हा भेटणार आहेत.

७.
मुंबईहून तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोहोचला. माजी कसोटीपटू टी. ए. शेखर यांनी त्याला तेथे नेले आणि ऑस्ट्रेलियाचे महान गोलंदाज डेनिस लिली यांच्या नजरेखाली त्याची शैली घडली. फलंदाजांची खाण मानल्या गेलेल्या देशात वेगवान गोलंदाज मुद्दाम घडवावे लागतील, या विचारातून १९८० च्या दशकात ही संस्था उभी राहिली होती.

प्रथम श्रेणीचा आरंभ झाला तो मात्र मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून, १९९९-२००० च्या हंगामात. पुढच्याच हंगामात बडोद्याने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात रेल्वेला २१ धावांनी नमवले. बडोद्याला हा करंडक १९५७-५८ नंतर प्रथमच मिळत होता आणि दुसऱ्या डावात झहीरने ५ बळी घेतले होते.

८.
भारतीय संघात प्रवेश झाला तो ऑक्टोबर २००० मध्ये, नैरोबीतील आयसीसी नॉकआउट स्पर्धेत. ३ ऑक्टोबरला केनियाविरुद्ध त्याने पदार्पण केले. त्याच सामन्यात युवराज सिंगनेही पदार्पण केले.

त्या वर्षाचा संदर्भ येथे आवश्यक आहे. सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेट हादरलेले होते. प्रेक्षकांचा विश्वास डळमळला होता. सौरव गांगुलीच्या हाती नेतृत्व नुकतेच आले होते. अशा वेळी ७ ऑक्टोबरला, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, झहीरने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याचा यॉर्करवर त्रिफळा उडवला आणि भारताने तो सामना जिंकला. तो चेंडू अनेकांच्या स्मरणात आजही आहे. डागाळलेल्या भूतकाळाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा नव्या चेहऱ्यांची तेव्हा गरज होती आणि तसा एक चेहरा त्या दिवशी दिसला.

९.
पुढच्या महिन्यात, १० नोव्हेंबर २००० रोजी, ढाक्यात त्याचे कसोटी पदार्पण झाले. बांगलादेशाचाही तो पहिलाच कसोटी सामना. म्हणजे एका देशाचा आणि एका गोलंदाजाचा कसोटी इतिहास एकाच सकाळी सुरू झाला.

याच ढाक्यात डिसेंबर २००४ मध्ये त्याने अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा केल्या. समोर सचिन तेंडुलकर नाबाद २४८ धावांवर होता आणि शेवटच्या जोडीने १३३ धावा जोडल्या होत्या. अकराव्या क्रमांकावरील फलंदाजाची कसोटीतील ती तोवरची सर्वोच्च खेळी. २०१२ मध्ये वेस्ट इंडिजच्या टिनो बेस्टने तो विक्रम मोडला.

१०.
आता पुन्हा २००३ कडे वळू. त्या अंतिम षटकांमुळे एक गोष्ट झाकली गेली. झहीरने त्या विश्वचषकात ११ सामन्यांत १८ बळी घेतले होते. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच षटकात दोघांना बाद करून त्याने ४२ धावांत ४ बळी मिळवले होते. भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला त्यात त्याचा वाटा मोठा होता.

सार्वजनिक स्मृती मात्र अशी बेरीज-वजाबाकी करीत नाही. ती एक दृश्य उचलते आणि तेच वर्षानुवर्षे दाखवीत राहते. पानिपताचा उल्लेख झाला की दहा वर्षांनी उत्तरेत पुन्हा उभा राहिलेला मराठ्यांचा अंमल किती जणांना आठवतो? तसेच हे. जोहान्सबर्गचे एक षटक संपूर्ण स्पर्धेवर सावलीसारखे पसरले.

११.
त्यानंतरची वर्षे उताराची होती. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ९५ धावांत ५ बळी घेऊन त्याने दौऱ्याचा दमदार आरंभ केला, पण स्नायूच्या दुखापतीने तो दौरा अपुरा राहिला. दुखापतींची मालिका सुरू झाली. वेग घटला, लय हरवली. दरम्यान इरफान पठाण, श्रीशांत, आर. पी. सिंग, मुनाफ पटेल असे नवे गोलंदाज पुढे आले. पठाण तर डावखुरा, आणि तोही बडोद्याचाच. २००५ च्या अखेरीस मंडळाच्या करारयादीत झहीरची श्रेणी खाली सरकली. २००६ च्या प्रारंभीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर संघातील जागाही गेली.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वेगवान गोलंदाज संघाबाहेर जातो तेव्हा बहुधा त्याची कहाणी तेथेच संपते. भारतीय क्रिकेटमध्ये अशी उदाहरणे विपुल आहेत.

१२.
झहीर इंग्लंडला गेला. वूस्टरशायर या काउंटीसाठी, आणि तेही दुसऱ्या श्रेणीत खेळण्यासाठी. काउंटी क्रिकेट म्हणजे मोकळी प्रेक्षागृहे, थंड सकाळ, चार दिवसांचा सामना संपला की पुढच्या गावाचा प्रवास, आणि पुन्हा गोलंदाजी. तेथे टीव्हीवरील झगमगाट नसतो. असते ते केवळ काम.

२००६ च्या त्या एका हंगामात त्याने ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध चेम्सफर्डला तर एकाच डावात १३८ धावांत ९ बळी. वूस्टरशायरने त्या वर्षी वरच्या श्रेणीत बढती मिळवली.

१३.
तेथे नेमके काय बदलले? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण ‘जिद्दीने पुनरागमन’ हे वाक्य कारण सांगत नाही, केवळ कौतुक करते.

पहिला बदल धावण्याचा. धावपट्टी आखूड झाली, उडी संयत झाली आणि शरीरावरील ताण कमी झाला. दुसरा बदल सातत्याचा. आठवड्यामागून आठवडे लांब हप्ते टाकल्याने मनगट आणि चेंडूची शिवण यांचे नाते पक्के झाले. तिसरा बदल विचाराचा. वेगाने फलंदाजाला घाबरवण्याऐवजी त्याला फसवण्याकडे कल वळला. इंग्लंडचा ड्यूक चेंडू हवेत दीर्घकाळ वळतो, म्हणून वळवण्याच्या कलेचे बारकावे शिकायला त्यासारखी शाळा नाही.

१४.
झहीरच्या गोलंदाजीचे तंत्र थोडक्यात समजून घेऊ. डावखुरा गोलंदाज यष्टीच्या वरून, म्हणजे ओव्हर द विकेट, चेंडू टाकतो तेव्हा तो उजव्या फलंदाजापासून तिरका दूर जातो. फलंदाज त्या रेषेला सरावतो. मग एखादाच चेंडू शिवणीवर पडून आत येतो आणि पायचीत किंवा त्रिफळा असा निकाल लागतो.

डावखुऱ्या फलंदाजांसाठी त्याने उलट मार्ग निवडला. यष्टीला वळसा घालून, म्हणजे राउंड द विकेट येऊन, चेंडू आत येतो असे भासवायचे आणि अखेरच्या क्षणी बाहेर काढायचे. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ, श्रीलंकेचे जयसूर्या आणि संगकारा, ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेडन हे सारे या सापळ्यात वारंवार अडकले. स्मिथला तर त्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत १४ वेळा बाद केले.

१५.
तिसरे अस्त्र रिव्हर्स स्विंगचे. चेंडू जुना झाला की एक बाजू खरखरीत होते. दुसरी बाजू घासून गुळगुळीत ठेवली, तर वेगाने टाकलेला चेंडू नेहमीच्या उलट दिशेने वळतो. फलंदाज गोलंदाजाच्या हातातील चेंडूची चकाकी पाहून दिशा ओळखू पाहतो. झहीर धावत येताना उजव्या हाताने चेंडू झाकून घेई. चकाकी कोणत्या बाजूला आहे हे अखेरपर्यंत कळू नये, एवढाच त्यामागील हेतू. वरवर साधी वाटणारी ही सवय, परंतु फलंदाजाच्या हातून अर्धा क्षण काढून घेणारी.

चौथे अस्त्र नकल बॉल. बोटांची पेरे दुमडून चेंडू पकडायचा, हात मात्र पूर्ण वेगाने फिरवायचा. चेंडू अपेक्षेपेक्षा संथ येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच पुढे निघून गेलेली असते.

१६.
भारतात परतल्यावर त्याने बडोदा सोडून मुंबईचा संघ धरला. २००६-०७ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध त्याने ९ बळी घेतले आणि मुंबईने करंडक जिंकला. ज्या शहरात तो सतराव्या वर्षी चाचपडत आला होता, त्या शहरासाठीची ही कामगिरी. त्याआधी, २००६ च्या अखेरीस, दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर भारतीय संघाचे दारही पुन्हा उघडले होते.

मग आला जुलै २००७. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज कसोटीत झहीर फलंदाजी करीत असताना इंग्लंडच्या कुणा क्षेत्ररक्षकाने खेळपट्टीवर जेली बीन, म्हणजे रंगीत गोळ्या टाकल्या. टिंगल करण्याचा तो प्रकार होता. झहीर संतापला. पहिल्या डावात त्याने ५९ धावांत ४ बळी घेतलेच होते, दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ घेतले. भारत ७ गडी राखून जिंकला आणि १९८६ नंतर, म्हणजे २१ वर्षांनी, इंग्लंडमध्ये कसोटी मालिका भारताच्या नावावर झाली. तीन कसोटींत त्याचे बळी होते १८.

१७.
जेली बीनची गोष्ट सांगायला रंजक आहे आणि म्हणूनच ती अधिक सांगितली जाते. परंतु घटनेचे तात्कालिक निमित्त आणि तिचे खरे कारण यांत इतिहासाचा विद्यार्थी भेद करतो. राग हे निमित्त होते. कारण होते ते आदल्या वर्षीचे ७८ बळी. इंग्लंडच्या हवेत, इंग्लंडच्या चेंडूने, इंग्लंडच्याच फलंदाजांना कसे बाद करावे हे तो इंग्लंडच्या मैदानांवर पगार घेऊन शिकला होता. २००८ मध्ये विस्डेनने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्याची निवड केली.

१८.
एखाद्या खेळाडूचे मोल कसे मोजावे? आकड्यांनी मोजले तर झहीरची कसोटी सरासरी ३२.९४ आहे. कपिल देव यांची २९.६४, जवागल श्रीनाथची ३०.४९. या रांगेत झहीर तिसरा दिसतो. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांत त्याच्या आधीचे भारतातील ठळक नाव करसन घावरी यांचे, १०९ बळी, सरासरी ३३.५४.

परंतु आकडे केवळ हजेरीचा हिशेब ठेवतात. गैरहजेरीचाही एक हिशेब असतो. साधने वाचताना जे लिहिलेले नाही तेही वाचावे लागते, त्याप्रमाणे हा हिशेब वाचावा लागतो.

१९.
डिसेंबर २०१०. दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनच्या पहिल्या कसोटीला झहीर दुखापतीमुळे मुकला. भारत एक डाव आणि २५ धावांनी हरला. दरबानच्या दुसऱ्या कसोटीत तो परतला. पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्या डावात ३ बळी. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव १३१ धावांत आटोपला आणि भारत ८७ धावांनी जिंकला.

२१ जुलै २०११. लॉर्ड्स. मालिकेच्या पहिल्याच दिवशी झहीरने १३.३ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतले होते. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि षटक अर्धवट सोडून तो मैदानाबाहेर गेला. ती मालिका भारत ४-० ने हरला.

२०.
या दोन उदाहरणांवरून ‘झहीर असता तर’ असा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. दरबानला लक्ष्मणची फलंदाजी होती आणि हरभजनचेही बळी होते. इंग्लंडमध्ये फलंदाजही कोलमडले होते. ‘असे झाले असते तर’ हा इतिहासातील सर्वांत मोहक आणि सर्वांत निसरडा प्रश्न. तरीही इतके म्हणता येते की, त्या संघाची गोलंदाजी एका शरीरावर फार अवलंबून होती आणि ते शरीर वारंवार थकत होते. नव्या चेंडूने आरंभ त्यानेच करायचा, जुन्या चेंडूनेही त्यानेच बळी मिळवायचे आणि मिड-ऑफला उभे राहून तरुण गोलंदाजांना सूचनाही त्यानेच द्यायच्या. हे काम सरासरीत उतरत नाही.

२१.
आता वानखेडे. २०११ चा विश्वचषक. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाचा माइक हसी त्याच्या नकल बॉलवर त्रिफळाचीत झाला. अंतिम सामन्यातही अशाच संथ चेंडूने कपुगेदरा फसला. संपूर्ण स्पर्धेत २१ बळी. शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक. विश्वचषकांतील एकूण बळी ४४, श्रीनाथच्या बरोबरीचे. तो आकडा भारतासाठी पुढे मोहम्मद शमीने २०२३ मध्ये ओलांडला.

इतिहासाने प्रामाणिकही असावे लागते. अंतिम सामन्यातील त्याचे पूर्ण पृथक्करण आहे १० षटके, ३ निर्धाव, ६० धावा, २ बळी. म्हणजे पहिल्या ५ षटकांत ६ आणि उरलेल्या ५ षटकांत ५४ धावा. शेवटच्या षटकात १८. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावांनी तो सामना जिंकून दिला. झहीरने ८ वर्षांपूर्वीचे ओझे उतरवले हे खरे, पण ते एकट्याने उतरवले नाही.

२२.
आणि त्या सामन्याची खेळपट्टी कोणी तयार केली होती? वानखेडेचे मुख्य क्युरेटर होते सुधीर नाईक. १५ वर्षांपूर्वी ज्यांनी श्रीरामपूरच्या मुलाच्या हाती कातडी चेंडू दिला, त्यांनीच सांभाळलेल्या मातीवर त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सलग तीन निर्धाव षटके टाकली. या योगायोगाला कोणी अर्थ चिकटवू नये. तथापि शिष्य मैदानात आणि गुरू मैदानाच्या मातीत, असे चित्र क्रिकेटच्या इतिहासात सहसा दिसत नाही. नाईक यांचे एप्रिल २०२३ मध्ये निधन झाले.

२३.
शेवट कसा झाला? डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला जॅक कॅलिसला बाद करून झहीरने ३०० वा कसोटी बळी मिळवला. कपिल देव यांच्यानंतर हा टप्पा गाठणारा तो दुसराच भारतीय वेगवान गोलंदाज. ज्या मैदानावर २००३ चे ते षटक पडले होते, ते हेच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला त्याची अखेरची कसोटी झाली. न्यूझीलंडचा दुसरा डाव ५ बाद ९४ असा डळमळला होता. भारताचा विजय दिसत होता. मग ब्रेंडन मॅक्युलम उभा राहिला आणि ३०२ धावा करूनच थांबला. पस्तिशीतला झहीर त्या डावात ५१ षटके टाकत राहिला. १७० धावा, ५ बळी. अखेर मॅक्युलमलाही त्यानेच बाद केले. सामना अनिर्णित राहिला.

२४.
त्याच वेलिंग्टन कसोटीत भारताच्या पहिल्या डावात एका तरुण फलंदाजाने ११८ धावा करून आपले पहिले कसोटी शतक नोंदवले. त्याचे नाव अजिंक्य रहाणे. जन्मगाव संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द. आश्वीही प्रवरेच्याच खोऱ्यातली. एकाच जिल्ह्यातील, एकाच नदीच्या पट्ट्यातील दोघे, एकाची शेवटची कसोटी आणि दुसऱ्याचे पहिले शतक. नगर जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासात त्या पाच दिवसांना स्वतंत्र पान मिळायला हवे.

२५.
१५ ऑक्टोबर २०१५ रोजी झहीरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. दिवसाला अठराच्या आसपास षटके टाकण्याचा भार खांदा आता सोसणार नाही, अशी स्पष्ट कबुली त्याने दिली. ९२ कसोटींत ३११ बळी, २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२० मध्ये पद्मश्री.

निवृत्तीचे कारण सांगताना त्याने षटकांची संख्या सांगितली, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. वेगवान गोलंदाजाचे आयुष्य शेवटी याच एककात मोजले जाते.

२६.
या कारकिर्दीतून हाती काय लागते? ‘छोट्या गावातून मोठे स्वप्न’ हा साचा तिला पुरत नाही. श्रीरामपूरने त्याला घडवले असे म्हणावे तर कातडी चेंडू मुंबईने दिला, शैली चेन्नईने, पहिली संधी बडोद्याने आणि पुनर्जन्म वूस्टरने. आणि श्रीरामपूरने काहीच दिले नाही असे म्हणावे तर ते धाडस आले कोठून? सुरक्षित वाट डोळ्यांसमोर असताना दुसरी वाट धरण्याची मुभा ज्या घराने दिली, ते घर तर तेथलेच.

व्यक्तीच्या इतिहासात अनेक गावे असतात. शहराचे नाव बदलते, स्थानकाची पाटी तशीच राहते. दोन्ही एकाच वेळी खरी असतात.

२७.
२००३ चे पहिले षटक पुसले गेले नाही. धावफलकावरून काहीच पुसले जात नाही. २०११ चे पहिले षटक त्याच्याशेजारी लिहिले गेले, इतकेच. दोन्ही षटकांमधली जी ८ वर्षे दूरदर्शनच्या पडद्यावर फारशी दिसली नाहीत, ती चेम्सफर्डच्या आणि वूस्टरच्या थंड सकाळी टाकलेल्या चेंडूंनी भरलेली होती.

पुढच्या वेळी मनमाडकडे जाताना गाडी ‘बेलापूर’ला थांबली, तर खिडकीतून क्षणभर बाहेर पाहावे. पाटीवर श्रीरामपूर हे नाव दिसणार नाही. गाव मात्र तेच आहे.